पाइपांना बांधलेल्या चादरी

३ फेब्रुवारी

लाँड्रीत हाडं झिजवलेल्या माझ्या सगळ्या बायांनो,

या रुग्णालयाच्या चादरी ज्यांनी धुतल्या, पिळल्या, वाळवल्या, इस्त्री केल्या आणि ज्या स्वतः मात्र गळक्या छपराखाली झोपल्या, त्या तुम्हाला हे पत्र आहे. दुसऱ्या कुणी वाचलं तरी चालेल, पण त्याने लाजून वाचावं.

लाँड्री बंद पडली तेव्हा आपल्याला शब्द मिळाला होता. ती इमारत पाडू आणि त्याच जागेवर तुमच्यासाठी खोल्या बांधू. शब्द देणारे साहेब निवृत्त झाले, त्यांच्या जागी आलेलेही निवृत्त झाले. आपण मात्र वाट बघण्याच्या नोकरीवर अजून कायम आहोत. या नोकरीत रजा नाही आणि निवृत्तीही नाही.

आता कुठे पाडकामाची तारीख ठरत होती, तर नवं खुसपट निघालं. म्हणे आधी एक तपासनीस येणार. भिंतीत, छतात, पाइपांवर विषारी माल आहे का ते बघणार. तो "काही नाही" म्हणेपर्यंत हातोडा उचलायचा नाही. आणि मार्च संपायच्या आत पाडकाम सुरू झालं नाही, तर आपल्या खोल्यांची योजना रद्द. पुन्हा पहिल्यापासून अर्ज, पुन्हा नवे साहेब, पुन्हा नवा शब्द.

मी विचारते, विष शोधायचं होतं तर तेव्हा का नाही शोधलं? आपण त्या वाफेत उभं आयुष्य काढलं. आपल्यातल्या कितीजणी खोकत घरी गेल्या आणि परत आल्या नाहीत. तेव्हा एक माणूस बॅटरी घेऊन आत डोकावला नाही. आता आत चिटपाखरू नाही, तर रिकाम्या इमारतीच्या तब्येतीची चौकशी सुरू झाली!

तो तपासनीस आपल्याला प्रश्न विचारेल. कुठे काय होतं, काय बदललं, काय झाकलं. आपलं उत्तर एकच असू द्या: काही नाही. एवढे दोन शब्द बोला आणि त्याला वाटेला लावा.

तुमची जुनी मुकादमीण

(त्याच कागदाच्या पाठीवर)

पोपडे, ही प्रत तुला. नेहमीसारख्या चुका काढ. पत्रक उद्याच वाटणार आहे, म्हणजे चुका सुधारायला वेळ नाही, पण तुझी हौस भागेल. फोन करू नकोस. फोनवर बोलताना मला मधेच थांबावं लागतं आणि समोरच्याला वाटतं, बाईचं बोलून झालं. माझं बोलून कधी होतं का?

मावशी


८ फेब्रुवारी

मावशी,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण माझ्या गुडघ्यांना आता तसले नमस्कार झेपत नाहीत. उभ्याउभ्या केलेला गोड मानून घे.

पत्रक वाचलं. शब्दांच्या चुका किरकोळ आहेत. मोठी चूक वेगळीच आहे. तू ज्याला "तो तपासनीस" म्हटलंस, तो मी आहे.

गेल्या आठवड्यात कंपनीने तुमच्या लाँड्रीचं काम माझ्या गळ्यात मारलं. मी साहेबांना सांगितलं की माझी सख्खी मावशी तिथे मुकादमीण होती. ते म्हणाले, "मुकादमीण होती ना? मालकीण नव्हती ना? मग जा." एक अट मात्र घातली. काम पुरं होईपर्यंत तिथल्या कुणाच्या घरी पाऊल ठेवायचं नाही, चहासुद्धा घ्यायचा नाही. म्हणजे तुझ्या गावात येऊन मी लॉजवर उतरणार आणि तुला पत्रं लिहिणार. हस हवं तर.

मी काय काम करते ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. जुनी इमारत पाडायच्या किंवा दुरुस्त करायच्या आधी मी आत जाते. अंगावर कागदाचा झगा, तोंडावर गाळणीचा मास्क, हातात पाण्याचा फवारा. छताच्या तक्त्याचा तुकडा, फरशीखालचा काळा डिंक, भट्टीच्या दाराच्या फटीत बसवलेली दोरी, पाइपावरचं आवरण. आधी ओलं करायचं म्हणजे धूळ उडत नाही, मग कापायचं, पिशवीत घालायचं, त्या पिशवीवर दुसरी पिशवी. कशात अ‍ॅस्बेस्टॉस आहे ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली कळतं. माणसाच्या छातीत कळायला अर्धं आयुष्य जावं लागतं. म्हणून तर कुणाला वेळेवर राग येत नाही.

मी दमले आहे, मावशी. जाईन तिथे मी म्हणजे आडवी आलेली मांजर. मागच्या महिन्यात एका शाळेत गेले, तर हेडमास्तर म्हणाले, "बाई, इतकी वर्षं इथे कुणी मेलं नाही." हे वाक्य मला प्रत्येक इमारतीत भेटतं. वाटतं, इमारत बांधतानाच कोनशिलेवर कोरून ठेवत असतील.

आणि तू बायांना "काही नाही" पढवते आहेस. ते उत्तर मला सगळीकडे फुकट मिळतं. तुझ्याकडून वेगळं हवं होतं. खरं सांग, त्या वाफेच्या पाइपांवर काय होतं?

तुझी पोपडी


१२ फेब्रुवारी

चिरंजीव तपासनीसबाई,

म्हणजे तू! माझ्या खोलीच्या भिंतीचे पोपडे नखाने काढून खाणारी पोर, जिच्यापायी तुझ्या आईने मलाच झापलं होतं की "भिंतीला असलं काय चविष्ट लावतेस?", तिला आता भिंती खरवडायचा पगार मिळतो. माणसाने लहानपणीचे गुण सोडू नयेत हेच खरं.

मी रात्रभर हसले. मग विचार केला, हे बरंच झालं. परका आला असता तर त्याने महिना घोळ घातला असता. तू आपली. दोन दिवसांत बघ, लिही आणि जा.

पाइपांचं विचारतेस. पांढरेशुभ्र आहेत. जाऊन बघ. त्या रुग्णालयात आमच्या पाइपांइतकं स्वच्छ दुसरं काही नव्हतं, डॉक्टरांचे हातसुद्धा नव्हते.

दमले म्हणतेस, तर माझंही ऐक. मी फाटकापाशी इतकी भाषणं केली आहेत की तिथल्या दगडांना पाठ झाली असतील. माझ्यासमोर बसून टाळ्या वाजवणाऱ्या बाया एकेक करून कमी होत गेल्या. कपडे मोजणारी गेली. पिळण्याच्या यंत्रावरची गेली. बॉयलरवाले तात्या तर केव्हाच गेले, शेवटी खाटेवर आडवंसुद्धा होता यायचं नाही त्यांना, बसून झोपायचे. प्रत्येक जण जाताना मला विचारून गेला, "खोल्यांचं काय झालं?" मेलेल्यांची उत्तरं द्यायची राहिली की माणूस आतून दमतो गं. झोपून तो शीण जात नाही.

नव्या खोल्यांत इस्त्रीवालीला दुसऱ्या मजल्यावर खिडकी हवी आहे. मी तळमजला मागितला आहे. जिने चढायचा कंटाळा येतो. वय, दुसरं काय.

घरी येऊ नकोस हे तुझ्या साहेबाने बरं सांगितलं. लोक म्हणतील, मुकादमिणीने भाचीला चहा पाजून सही घेतली. आपण फाटकाशी दिसलो तरी ओळख दाखवायची नाही. कबूल?

मावशी


२५ फेब्रुवारी

मावशी,

कबूल केल्याप्रमाणे ओळख दाखवली नाही. तू कट्ट्यावर भिंतीला टेकून बसली होतीस. रुमाल तोंडाशी धरून खोकत होतीस. मला वाटलं काही खुणावते आहेस, पण शिस्त म्हणजे शिस्त, मी बघितलं नाही.

तुझ्या बाया पक्क्या तयारीच्या आहेत. ज्यांना सगळे इस्त्रीवाली म्हणत होते, त्यांना मी विचारलं, "काकू, या पाइपांवर पूर्वी काय होतं?"

"काही नाही."

"छताचे तक्ते कधी बदलले?"

"काही नाही."

"बरं, तुमचं नाव काय लिहू?"

"काही नाही!"

सगळ्या इतक्या हसल्या की मलाही मास्कच्या आत हसू आलं. मास्कमध्ये हसलं की चष्मा धुरकट होतो, तेव्हा पुढची दहा पावलं मी अंदाजाने चालले.

माझ्याबरोबर इमारत खात्याचे साहेब होते. तुम्ही त्यांना "कडक कॉलर" का म्हणता ते बघितल्याबरोबर कळलं. मान वळवायची तर सबंध माणूस वळतो. ते सारखे घड्याळ बघत होते. "मॅडम, पाइपांचं आवरण नवीन आहे. मागच्या दुरुस्तीत बदललेलं दिसतंय. दिसतंय ना?"

दिसत होतं. वाळवणीच्या खोलीत पाइप अगदी छताजवळून जातात. घट्ट गुंडाळलेलं कापड, त्यावर रंगाचे हात, कुठे सुरकुती नाही, कुठे धूळ नाही. इतक्या इमारती बघितल्या, असं नीटस काम दिसलं नव्हतं. शिडी डुगडुगत होती. मी वरचा थर कापून नमुना घेतला, भोक बंद केलं आणि उतरले. आज निकाल आला: कापूस, खळ, रंग. बाकी काही नाही. तुझ्या बाया खरंच बोलत होत्या म्हणायचं.

छताचे तक्ते साधे निघाले. बॉयलरच्या दारातल्या दोरीत मात्र अ‍ॅस्बेस्टॉस आहे, ती आमची माणसं वेगळी काढून नेतील. दुपारचं काम. अहवाल दिला आहे. बावीस मार्चच्या सोमवारी पाडकाम सुरू.

घे तुझी तळमजल्याची खोली. मी आता दोन दिवस नुसती झोपणार आहे.

पोपडी


३ मार्च

पोपडे,

अहवाल कळल्यावर बाया माझ्या दारात जमल्या. भाषण कर म्हणाल्या. मी उभी राहिले आणि काही बोलताच येईना. सगळ्यांना वाटलं, मुकादमिणीचा गळा दाटून आला. वाटू दे.

इस्त्रीवालीचा जावई पाडकामाच्या ठेकेदाराकडे लागला. पाइप कापून लोखंड वेगळं काढायचं काम त्याच्याकडे आहे. घरात पहिल्यांदा धडाचा रोजगार आला म्हणून इस्त्रीवाली चार वेळा सांगून गेली. पहिल्या दिवशी सगळ्या फाटकाशी बसून बघणार आहेत. सिनेमा लागल्यासारखं चाललं आहे.

सोबत एक पिशवी पाठवते. तुझा तो मास्क आणि बॅटरी ठेवायला. लाँड्रीतल्या रद्द चादरीची आहे, पण अजून दहा वर्षं मरत नाही. टाके माझ्याच हातचे. डोळे गेले, श्वासही पुरत नाही, पण हात अजून शाबूत आहेत. चहा प्यायला कधी येतेस? आता तर अट सुटली.

मावशी


८ मार्च

मावशी,

पिशवी मिळाली. हातात घेतली आणि शिवण उजेडात धरली.

तुझा टाका मी लहानपणापासून ओळखते. सरळ शिवण, प्रत्येक टाक्यामागे एक उलटा टाका, आणि वीतभर गेलं की एक तिरकी गाठ. माझ्या फ्रॉकला तोच होता. आई म्हणायची, "तुझ्या मावशीचं शिवलेलं उसवायला कात्री मागवावी लागते." तू सांगायचीस, वाफेत साधा टाका टिकत नाही, म्हणून लाँड्रीत आम्ही असं शिवतो.

मग मी तपासणीत काढलेले वाळवणीच्या खोलीचे फोटो उघडून बसले. पाइपावरचं कापड जिथे संपतं, तिथली शिवण फोटोत मोठी करून बघितली. उलटा टाका. वीतभरावर तिरकी गाठ.

कुठलाही कंत्राटदार पाइपाचं आवरण उलटा टाका घालून शिवत नाही. कुठलाही कंत्राटदार त्याला खळ लावत नाही.

मावशी, ते कापड तुम्ही गुंडाळलंत. होय ना? आणि कापडाच्या आत जुनंच आवरण आहे. होय ना? पांढरेशुभ्र आहेत, असं तू लिहिलंस. त्यात एक शब्दही खोटा नव्हता. म्हणूनच मी फसले.

चूक माझी आहे. लोखंड लागेपर्यंत कापायला हवं होतं. मी शिडीवर होते, दमलेली होते, आणि काम इतकं स्वच्छ होतं की संशय घ्यायची लाज वाटली. ते काही कारण होत नाही. पण आता मला तुझ्याकडून ऐकायचं आहे. आत काय आहे?

पोपडी


१२ मार्च

पोपडे,

ऐक मग.

पाइपांवर राखाडी लेप होता. जुना, भेगाळलेला. वरून त्याची भुकटी पडायची. खाली आमच्या धुतलेल्या चादरी. मेट्रन यायची, चादरीवरून बोट फिरवायची आणि ते बोट आमच्या नाकासमोर धरायची. "याला धुणं म्हणतात?" सगळं पुन्हा धुवायचं. आम्ही वर तक्रार केली, मी स्वतः केली, कडक कॉलरच्या आधीच्या साहेबाकडे. तो म्हणाला, चुन्याची भुकटी आहे, झटकून टाका. आम्ही झटकत राहिलो. केस झटकले, कपडे झटकले, चादरी झटकल्या.

शेवटी आम्हीच डोकं चालवलं. रद्द चादरींच्या पट्ट्या फाडल्या, दाट खळीत बुडवल्या आणि मोडलेल्या हाताला प्लास्टर घालावं तशा गुंडाळल्या. पाइप गरम, खळ दगडासारखी वाळली. कडा मी शिवल्या. वरून रंग दिला. भुकटी थांबली. दर वर्षी सुट्टीच्या दिवशी येऊन नव्या पट्ट्या घालायचो. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी शाबासकी दिली नाही. पण मेट्रनचं बोट बंद पडलं. माझ्या सगळ्या भाषणांनी जे झालं नाही ते त्या चादरींनी झालं.

आता झालं तुझं समाधान? मग पुढचं ऐक. हे वर कुणाला लिहू नकोस.

मार्च संपायला किती दिवस राहिलेत ते बघ. तू अहवाल मागे घेतलास तर खोल्या गेल्या. मी आणि इस्त्रीवाली आणि उरलेल्या सगळ्या पुन्हा वाट बघायच्या नोकरीवर. या खेपेस आम्ही पुरणार नाही, पोपडे. तुझी मावशी भीक मागत नाही, कधी मागितली नाही. आज मागते आहे असं समज.

आम्ही ती भुकटी खाल्ली, श्वासात ओढली, आणि आहोत की अजून. इतकी वर्षं कुणी

(वाक्य इथेच तुटलं आहे. खाली वेगळ्या शाईत:)

तात्यांचं नाव डोक्यात आलं आणि पुढे लिहिता येईना. टाकते हे पत्र असंच.

मावशी


१६ मार्च

मावशी,

तुटलेलं वाक्य पोचलं. पुढचे शब्द मला माहीत आहेत, कोनशिलेवरचे.

मी अहवाल मागे घेतला. तुला न विचारता घेतला, रागव. कडक कॉलरना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही मला शिवणीचा फोटो दाखवून रुग्णालयाचं काम थांबवणार? लेखी निकाल आहे, कापूस आणि खळ. जुन्या कामगारांनीही काही नाही म्हणून सांगितलंय." मला पुन्हा नमुना घ्यायला आत सोडणार नाहीत. माझा कागद फायलीत लागला आहे आणि काम सोमवारी सुरू होणार आहे. मी कंपनीत भांडले, आरोग्य खात्याला लिहिलं. सगळे म्हणतात, बघतो. बघेपर्यंत सोमवार उलटलेला असेल.

तुमच्या चादरींनी भुकटी खरंच अडवली होती. ते काम खोटं नव्हतं. पण सोमवारी इस्त्रीवाली काकूंचा जावई त्या चादरींवर करवत चालवेल. कोरड्यावर. आत इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर येईल. डोळ्यांना दिसणारही नाही, खोकलासुद्धा लागणार नाही. त्याला वाटेल, काम सोपं गेलं.

मग तो घरी जाईल. अंगावरचे कपडे काढून कोपऱ्यात टाकेल. मावशी, ते कपडे कोण धुणार? काकूंची मुलगी. धुण्याआधी काय करणार? तुम्ही जन्मभर केलंत तेच. झटकणार.

आमच्या कामात एक नियम आहे. जिथे हात पोचत नाही, जिथे बघू दिलं नाही, तिथे ते आहे असंच धरायचं. आणि जुना कामगार स्वतः जागेवर येऊन म्हणाला की आत अमुक झाकलेलं आहे, तर त्यापुढे कुणाला काम चालू ठेवता येत नाही. कडक कॉलरना नाही, ठेकेदारालाही नाही. माझ्या शब्दाला वजन नाही, मी शिवण ओळखते एवढंच. तुमच्या शब्दाला आहे. शिवलंय तुम्ही.

हा लेप आधी नीट ओला करून, खोली बंदिस्त करून काढायला काही महिने लागतील. तुमच्या खोल्यांचं काय होईल ते मला माहीत नाही. मी खोटा धीर देणार नाही.

आता शेवटचं. फोनवर तुला मधेच थांबावं लागतं. तळमजला हवा. भाषणाला उभी राहिलीस आणि शब्द निघाला नाही. श्वास पुरत नाही असं तू पिशवीबरोबर लिहिलंस आणि मी टाके बघत बसले. कट्ट्यावर तू खुणावत नव्हतीस. हे कधीपासून आहे, मावशी? मी इमारतींच्या छातीत काय आहे ते शोधत गावोगाव फिरते आणि घरातल्या माणसाचं

राहू दे. माझंही वाक्य तुटू दे.

शनिवारी येते आहे. अट गेली खड्ड्यात. चहा ठेव.

तुझी पोपडी


१९ मार्च

लाँड्रीत हाडं झिजवलेल्या माझ्या सगळ्या बायांनो,

फेब्रुवारीत मी तुम्हाला पत्र लिहिलं आणि दोन शब्द पाठ करून घेतले: काही नाही. तुम्ही ते चोख म्हटले. आज ते दोन शब्द मी परत मागायला आले आहे.

ती तपासनीस माझी भाची आहे. आता सगळ्यांना कळू द्या. तिला आपल्या शिवणीवरून कळलं की त्या चादरींखाली जुना लेप आहे. ती ओरडून सांगते आहे, आणि साहेब तिला सांगताहेत की बायाच म्हणाल्या, काही नाही. आपलेच शब्द दाराला कडी म्हणून लावलेत त्यांनी. कडी मी घडवली. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात यशस्वी भाषण तेच ठरलं, काय करू!

आपली तक्रार काय होती? आपण आत होतो तेव्हा विष शोधायला कुणी आलं नाही. बरोबर होती तक्रार, आजही बरोबर आहे. आता कुणीतरी आलं. ज्या प्रश्नाची वाट बघत आपण म्हाताऱ्या झालो तो प्रश्न तिने विचारला, आणि आपण तिच्या तोंडावर हसलो.

तुम्ही म्हणाल, खोल्या? हो. कदाचित जातील. मला तळमजला हवा होता, तो का हवा होता ते कधी सांगितलं नाही. मला जिना चढता येत नाही. पाणी भरलेली कळशी उचलली तर खाटेवर बसून घ्यावं लागतं. आता आडवं झालं की गुदमरतं, मी बसून झोपते. तात्या झोपायचे तशी. मी याला वय म्हणत आले. तुमच्यापैकी कोणकोण त्याला वय म्हणत असेल ते मला माहीत आहे, कारण मी तुमच्या दारावरून जाते आणि आतला खोकला ओळखते.

आपलं जे व्हायचं ते होऊन गेलं. पण सोमवारी त्या पाइपांना करवत लागेल. लावणारा आपल्याच घरातला आहे. तो संध्याकाळी भुकटी अंगावर घेऊन घरी येईल, आणि त्याचे कपडे आपल्याच लेकी झटकून धुतील. कपडे धुण्यातलं आपल्याला कळत नाही असं म्हणायची सोय आपल्याकडे नाही. मेट्रनच्या बोटाला आपण घाबरलो, आणि त्या भीतीने का होईना, पण ती भुकटी झाकली. लेकींसाठी आता ती उघड करायची आहे.

इस्त्रीवाली काल माझ्याकडे येऊन रडली. म्हणाली, "त्याची नोकरी जाईल गं." मी तिला भाचीचं पत्र वाचून दाखवलं. झटकण्याजवळ आले तेव्हा ती उठली आणि घरी गेली. आज सकाळी तिने निरोप पाठवला आहे: "मी येते. दुसऱ्या मजल्याची खिडकी तू मला दुसऱ्या जन्मी दे." ती एवढं बोलू शकते, तर बाकीच्यांनी सबबी सांगू नयेत.

खोल्यांसाठी आपण पुन्हा भांडू. मला उभं राहता आलं नाही तर खुर्ची आणा, बसून भांडेन. पण ते मंगळवारपासून.

सोमवारी घोषणा नाहीत, फलक नाहीत, भाषण नाही. सकाळी करवत सुरू व्हायच्या आत फाटकाशी या. माझी भाची तिथे असेल, कडक कॉलर असेल, ठेकेदार असेल. सगळ्यांनी मिळून वाळवणीच्या खोलीच्या दारात उभं राहायचं. आत पाऊल टाकायचं नाही. एकेकीने पुढे व्हायचं, आपण ज्या पाइपाला चादर गुंडाळली त्याच्याकडे बोट करायचं, आणि साहेबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणायचं, "ही मी बांधली. आत जुना लेप आहे." या वेळी कुणी नाव विचारलं, तर नाव सांगा.